रेड डॉट साइट आणि होलोग्राफिक साइट

रेड डॉट साइट आणि होलोग्राफिक साइट ही रायफल, शॉटगन, पिस्तूल यांसारख्या बंदुकांवर नेम धरण्यासाठी बसवली जाणारी दोन प्रकाशीय उपकरणे आहेत. दोन्हींमध्ये नेमबाज एका काचेतून लक्ष्याकडे पाहतो आणि त्याला लक्ष्यावर एक प्रकाशमान चिन्ह दिसते. दोन्ही उपकरणे सर्वसाधारणपणे लक्ष्य मोठे करून दाखवत नाहीत. बाह्यतः ती सारखी दिसतात, परंतु चिन्ह निर्माण करण्याची त्यांची पद्धत अगदी वेगळी आहे. रेड डॉट साइटमध्ये प्रकाश उत्सर्जक डायोडचा (एलईडीचा) प्रकाश आरशासारख्या काचेवरून परावर्तित होतो, तर होलोग्राफिक साइटमध्ये लेसरच्या प्रकाशाने काचेत नोंदलेला होलोग्राम उजळतो. या एका फरकातून विजेचा वापर, वजन, किंमत, चिन्हाची सूक्ष्मता आणि विश्वासार्हता यांतील बाकीचे सर्व फरक उद्भवतात.

## पार्श्वभूमी: नेम धरण्यातील अडचण

पारंपरिक बंदुकीत नळीच्या टोकावर माशी आणि डोळ्याच्या बाजूला खाच किंवा छिद्र असते. नेम धरताना खाच, माशी आणि लक्ष्य या तीन गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. मानवी डोळा मात्र एका वेळी एकाच अंतरावरील वस्तू स्पष्ट पाहू शकतो. माशी स्पष्ट दिसली तर लक्ष्य पुसट होते आणि लक्ष्य स्पष्ट दिसले तर माशी पुसट होते. चाळिशी लागलेल्या व्यक्तीला जवळची माशी स्पष्ट दिसणे अधिकच कठीण जाते.

प्रकाशीय साइटमध्ये चिन्हाचे किरण समांतर होऊन डोळ्यात येतात, त्यामुळे ते चिन्ह फार दूर, म्हणजे जणू अनंत अंतरावर असल्यासारखे दिसते. दूरचे लक्ष्य आणि चिन्ह एकाच वेळी स्पष्ट दिसतात आणि तीन वस्तूंऐवजी दोनच जुळवाव्या लागतात. दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो, त्यामुळे आजूबाजूच्या परिसराचे भानही सुटत नाही.

येथे एक सामान्य गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चित्रपटांत एखाद्याच्या छातीवर पडलेला लाल ठिपका दाखवतात, तो लेसर साइटचा असतो. लेसर साइट लक्ष्यावर प्रत्यक्ष प्रकाश टाकते. रेड डॉट आणि होलोग्राफिक साइटमधील चिन्ह लक्ष्यावर पडत नाही. ती केवळ आभासी प्रतिमा असते आणि काचेतून पाहणाऱ्यालाच दिसते.

## इतिहास

या दोन्ही उपकरणांचे मूळ आयर्लंडमधील दुर्बीणनिर्माते हॉवर्ड ग्रब यांच्या परावर्तक साइटमध्ये आहे. डब्लिन येथे काम करणाऱ्या ग्रब यांनी १९०० साली या कल्पनेचे पेटंट घेतले. रात्री एसटीच्या खिडकीतून पाहताना आतील दिव्याचे प्रतिबिंब आणि बाहेरचे दृश्य एकाच काचेत एकत्र दिसते. ग्रब यांच्या उपकरणात हीच गोष्ट शास्त्रीय पद्धतीने साधली होती. त्यात भिंगाने समांतर केलेले किरण तिरप्या काचेवरून डोळ्याकडे परावर्तित केले जात.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, जर्मन लढाऊ विमानांवर अशा साइट बसवण्यात आल्या. दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्या लढाऊ विमानांत सार्वत्रिक झाल्या होत्या. ब्रिटिश स्पिटफायर आणि हरिकेन विमानांचे वैमानिक अशाच साइटमधून नेम धरत. परंतु त्यांतील विद्युत दिव्याला बरीच वीज लागे, त्यामुळे हे तंत्र हातातील बंदुकीवर आणणे सोपे नव्हते.

ही अडचण प्रकाश उत्सर्जक डायोडमुळे सुटली. दृश्य लाल प्रकाश देणारा डायोड १९६२ मध्ये तयार झाला. १९७५ साली स्वीडनमधील एमपॉइंट या कंपनीने छोट्या बॅटरीवर चालणारी पहिली इलेक्ट्रॉनिक रेड डॉट साइट बाजारात आणली. तिचे सुरुवातीचे ग्राहक प्रामुख्याने शिकारी होते. पुढे १९९७ मध्ये अमेरिकी सैन्याने याच कंपनीची साइट ‘एम ६८’ या नावाने स्वीकारली आणि पायदळाच्या सामान्य सैनिकाच्या रायफलवर अशी साइट असणे रूढ होऊ लागले.

होलोग्राफिक साइटची परंपरा वेगळी आहे. होलोग्राफीचे तत्त्व डेनिस गाबोर यांनी १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडले आणि त्यासाठी त्यांना १९७१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. लेसरचा शोध लागल्यावर अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात एमेट लीथ आणि युरिस उपाटनिक्स यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी लेसरच्या साहाय्याने स्पष्ट होलोग्राम घेण्याची पद्धत विकसित केली. त्यांच्या प्रयोगशाळेतून पुढे मिशिगन पर्यावरण संशोधन संस्था स्वतंत्र झाली आणि त्या संस्थेतून इओटेक ही कंपनी निघाली. तिने विकसित केलेली पहिली होलोग्राफिक साइट १९९६ मध्ये बुशनेल या कंपनीच्या नावाने विक्रीस आली. त्यानंतर व्होर्टेक्स या कंपनीनेही होलोग्राफिक साइट तयार केली. तरीही खऱ्या होलोग्राफिक साइटचे उत्पादक आजही मोजकेच आहेत.

## रचना आणि कार्य

### रेड डॉट साइट

या साइटचे मुख्य भाग दोनच असतात: एक छोटा लाल डायोड आणि पुढच्या बाजूची वक्र काच. डायोड या काचेच्या नाभीपाशी, दृष्टिरेषेच्या किंचित बाजूला बसवलेला असतो. काचेवर पातळ थरांचे असे लेपन असते, की ते डायोडच्या लाल तरंगलांबीचा प्रकाश परावर्तित करते आणि बाकीचा बहुतेक प्रकाश आरपार जाऊ देते. नाभीतून निघालेले किरण वक्र पृष्ठभागावरून परावर्तित होताना समांतर होतात आणि नेमबाजाला दूरवर तरंगणारा ठिपका दिसतो. समोरच्या दृश्यातील थोडा लाल प्रकाश लेपनामुळे अडतो, म्हणून अशा काचेतून जग किंचित निळसर किंवा हिरवट दिसते.

या साइटचे दोन आकार प्रचलित आहेत. एकात सर्व भाग नळीत बंदिस्त असतात. दुसऱ्यात एकच उघडी काच चौकटीत बसवलेली असते. उघडा प्रकार अत्यंत लहान करता येतो, त्यामुळे पिस्तुलावर प्रामुख्याने तोच वापरतात. मात्र डायोड आणि काच यांच्यामध्ये पावसाचा थेंब, चिखल किंवा धूळ आली तर ठिपका विकृत होतो किंवा नाहीसा होतो. बंदिस्त प्रकारात हा धोका नसतो.

बॅटरीशिवाय चालणाऱ्या काही रिफ्लेक्स साइटही आहेत. त्यांत दिवसा प्रकाशतंतूने गोळा केलेला प्रकाश आणि अंधारात ट्रिटियम या किरणोत्सारी समस्थानिकाच्या साहाय्याने मिळणारी चमक वापरली जाते.

### होलोग्राफिक साइट

छायाचित्रात वस्तूवरून आलेल्या प्रकाशाची केवळ तीव्रता नोंदली जाते. होलोग्राममध्ये प्रकाशतरंगांच्या व्यतिकरणातून तयार झालेला सूक्ष्म आकृतिबंध नोंदला जातो. योग्य लेसर प्रकाश टाकल्यावर त्या आकृतिबंधातून विवर्तन होऊन मूळ वस्तूकडून आल्यासारखे तरंग पुन्हा निर्माण होतात. होलोग्राफिक साइटच्या काचेत दूर अंतरावरील लक्ष्यचिन्हाचा असा होलोग्राम आधीच नोंदलेला असतो.

साइटच्या तळाशी असलेल्या लेसर डायोडचा प्रकाश एका आरशावरून वळवला जातो, दुसऱ्या वक्र आरशाने समांतर केला जातो, मग विवर्तन जाळीवर पडतो आणि तेथून होलोग्राम असलेल्या काचेवर जातो. विवर्तन जाळीचे काम महत्त्वाचे आहे. लेसर डायोड तापला की त्याची तरंगलांबी किंचित बदलते. विवर्तनाचा कोन तरंगलांबीवर अवलंबून असल्यामुळे चिन्हाची जागाही बदलली असती. जाळी आणि होलोग्राम यांचे परिणाम परस्परविरुद्ध दिशेने होतील अशी योजना करून हा बदल निष्प्रभ केला जातो.

होलोग्रामच्या प्रत्येक भागात चिन्हाची माहिती पसरलेली असते. त्यामुळे काचेचा काही भाग चिखलाने झाकला गेला किंवा फुटला, तरी उरलेल्या भागातून संपूर्ण चिन्ह दिसू शकते. चिन्हाचा आकारही हवा तसा ठेवता येतो. सर्वांत परिचित चिन्ह म्हणजे मोठे वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी एक बारीक ठिपका.

## तुलना

### चिन्हाचा आकार

चिन्हाचा आकार कोनीय मिनिटांत मोजतात. एक कोनीय मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटर अंतरावर तो सुमारे २.९ सेंटीमीटर भरतो. दोन मिनिटांचा ठिपका १०० मीटरवर लक्ष्याचा ५.८ सेंटीमीटर भाग झाकतो. चार मिनिटांचा ठिपका ३०० मीटरवर सुमारे ३५ सेंटीमीटर भाग झाकतो. म्हणजे मोठा ठिपका जवळच्या लक्ष्यावर चटकन सापडतो, परंतु दूरचे लहान लक्ष्य त्याच्याखाली दडते.

इओटेकच्या प्रचलित चिन्हात ६८ मिनिटांचे वर्तुळ आणि १ मिनिटाचा ठिपका असतो. २५ मीटरवर हे वर्तुळ सुमारे ४९ सेंटीमीटर व्यासाचे भासते, म्हणून घाईत नजर आपोआप त्याच्या मध्याकडे जाते. दूरच्या लक्ष्यासाठी बारीक ठिपका कामी येतो. एकाच चिन्हात वेग आणि सूक्ष्मता या दोन्ही गोष्टी साधणे, हे होलोग्राफिक साइटचे खरे बलस्थान आहे. साइटच्या मागे तीनपट मोठे दाखवणारे भिंग लावल्यास लक्ष्य आणि चिन्ह दोन्ही सारख्याच प्रमाणात मोठी होतात. तथापि मूळ ठिपका बारीक असल्यामुळे होलोग्राफिक चिन्ह तेव्हाही सुबक दिसते. डायोडच्या ठिपक्याची खडबडीत कड मात्र मोठी होऊन जाणवू लागते.

### विजेचा वापर

या बाबतीत रेड डॉट साइट निर्विवादपणे पुढे आहे. प्रकाश उत्सर्जक डायोड अत्यल्प विद्युतप्रवाहावर चालतो. लेसर डायोडला लेसर प्रकाश देण्यासाठी किमान ठरावीक प्रवाह लागतोच. उत्पादकांच्या माहितीनुसार एमपॉइंटची ‘कॉम्प एम ४’ ही साइट मध्यम प्रकाशमानावर एका साध्या एए बॅटरीवर ८०,००० तास, म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळ चालते. लहान ‘मायक्रो टी-२’ नाण्यासारख्या बॅटरीवर ५०,००० तास चालते. इओटेकची ‘ईएक्सपीएस ३’ सुमारे १,००० तास, म्हणजे जेमतेम सहा आठवडे चालते. त्यामुळे होलोग्राफिक साइट ठरावीक तासांनंतर आपोआप बंद होते. रेड डॉट साइट मात्र वर्षानुवर्षे सुरूच ठेवता येते. ज्या कामात बंदूक उचलताच चिन्ह दिसले पाहिजे, तेथे हा फरक निर्णायक ठरतो.

### वजन आणि आकारमान

‘मायक्रो टी-२’चे वजन बैठकीशिवाय सुमारे ८४ ग्रॅम, तर ‘ईएक्सपीएस ३’चे बैठकीसह सुमारे ३१८ ग्रॅम आहे. आरसे, जाळी आणि लेसर यांना जागा लागत असल्यामुळे होलोग्राफिक साइट फार लहान करणे अवघड जाते. दुसरीकडे तिची रुंद, आयताकृती काच नळीच्या तुलनेत अधिक मोकळे दृश्य देते.

### पराशय

भिंतीवरील घड्याळाकडे बाजूने पाहिले, तर मिनिटकाटा प्रत्यक्षापेक्षा पुढे किंवा मागे दिसतो. पाहण्याची जागा बदलल्याने होणाऱ्या या भासमान स्थानबदलाला पराशय म्हणतात. साइटमध्ये डोळा मध्यापासून सरकला असता चिन्ह लक्ष्यावरून किती सरकते, हे पराशयावर ठरते. वक्र काचेच्या गोलीय विपथनामुळे रेड डॉट साइटमध्ये कडेचे किरण तंतोतंत समांतर होत नाहीत. चांगले उत्पादक दोन भिंगांच्या जोडणीने हा दोष बराच कमी करतात. होलोग्राफिक साइटमध्ये तो सामान्यतः कमी असतो. मात्र कोणत्याही साइटमध्ये तो सर्व अंतरांवर पूर्णपणे शून्य नसतो, म्हणून ‘पराशयमुक्त’ हा जाहिरातीतील शब्द सापेक्ष समजावा. चिन्ह काचेच्या मध्याजवळ ठेवण्याची सवय दोन्हींत उपयोगी पडते.

### डोळ्यांचे दोष

अबिंदुकता, म्हणजे ॲस्टिग्मॅटिझम, हा डोळ्याचा दोष असलेल्या व्यक्तीला गोल ठिपका स्वल्पविरामासारखा, चांदणीसारखा किंवा द्राक्षांच्या घोसासारखा पसरट दिसतो. हा दोष डोळ्याचा आहे की साइटचा, हे तपासण्याची सोपी रीत आहे. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून साइटमध्ये पाहावे. तेथे ठिपका गोल दिसला, तर दोष डोळ्याचा आहे. योग्य चष्मा लावल्यास आणि प्रकाशमान कमी केल्यास त्रास घटतो. काहींना होलोग्राफिक चिन्ह अधिक स्पष्ट दिसते, काहींना दोन्ही सारखीच पसरट दिसतात. म्हणून स्वतः पाहिल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. लेसरच्या स्वभावामुळे होलोग्राफिक चिन्ह मुळातच किंचित रवाळ दिसते, हे वैगुण्य मानू नये.

## विश्वासार्हता आणि २०१५ चे प्रकरण

साइटचे पहिले कर्तव्य एकच असते: एकदा जुळवलेला नेम तसाच राहणे. चिन्ह कितीही स्पष्ट असले, तरी ते चुकीच्या जागी दिसत असेल तर त्याचा उपयोग नाही. उलट, वापरणाऱ्याला चूक कळतच नसल्यामुळे धोका वाढतो. उदाहरणार्थ, चिन्ह केवळ ४ कोनीय मिनिटांनी ढळले, तर ३०० मीटरवर गोळी सुमारे ३५ सेंटीमीटर दूर जाते.

हा प्रश्न इओटेकच्या बाबतीत प्रत्यक्ष उभा राहिला. त्या वेळी इओटेक ही एल-३ कम्युनिकेशन्स या कंपनीच्या मालकीची होती आणि तिच्या साइट अमेरिकी सैन्य तसेच पोलिस यंत्रणांना पुरवल्या जात होत्या. तीव्र थंडीत आणि उष्णतेत या साइटमधील चिन्हाची जागा ढळते, तसेच दमट हवेत चिन्ह मंद होते, हे दोष ठाऊक असूनही ते वेळेवर कळवले नाहीत, असा आरोप अमेरिकी सरकारने ठेवला. नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनीने २ कोटी ५६ लाख डॉलर देऊन तडजोड केली आणि दोषांची माहिती आपल्याला अनेक वर्षे होती, हे मान्य केले. त्यानंतर सामान्य ग्राहकांनाही पैसे परत देण्याची योजना जाहीर झाली. २०२० मध्ये इओटेक नव्या मालकाकडे गेली.

या प्रकरणावरून होलोग्राफिक तंत्र मुळातच सदोष आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. परंतु प्रकाशाचा मार्ग जितका लांब आणि भाग जितके अधिक, तितक्या बिघाडाच्या जागाही अधिक, हे खरे आहे. उत्पादकाच्या माहितीपत्रकावर न थांबता आपल्या हवामानात साइट स्वतः तपासणे आणि ठरावीक काळाने नेम पुन्हा जुळवून पाहणे, हा धडा दोन्ही प्रकारांना लागू पडतो. बॅटरी संपल्यास किंवा बिघाड झाल्यास काम अडू नये, म्हणून अनेक रायफलींवर माशी आणि खाचही राखीव ठेवतात.

## निवडीचे निकष

पुढील परिस्थितींत रेड डॉट साइट सामान्यतः अधिक सोयीची ठरते:

* साइट दीर्घकाळ सतत सुरू ठेवावी लागत असेल;
* वजन आणि आकार कमी हवा असेल, विशेषतः पिस्तुलासाठी;
* खर्च मर्यादित असेल;
* देखभालीसाठी वेळ किंवा सुट्या बॅटऱ्या सहज उपलब्ध नसतील.

पुढील परिस्थितींत होलोग्राफिक साइटचा विचार करता येतो:

* अगदी जवळच्या आणि मध्यम अंतरावरच्या, अशा दोन्ही लक्ष्यांवर एकाच साइटने काम करायचे असेल;
* मोठे दाखवणारे भिंग नेहमी जोडीला असेल;
* मोकळी, रुंद काच हवी असेल;
* बॅटरी वेळेवर बदलण्याची शिस्त पाळता येत असेल.

खरेदी करणाऱ्याने आणखी एक सावधगिरी बाळगावी. उघड्या चौकटीच्या अनेक स्वस्त साइट ‘होलोग्राफिक’ या नावाने विकल्या जातात. प्रत्यक्षात त्यांत लेसरही नसतो आणि होलोग्रामही नसतो. त्या साध्या डायोडच्या रेड डॉट साइट असतात. काचेवर वर्तुळ आणि ठिपका दिसला, एवढ्यावरून साइट होलोग्राफिक ठरत नाही. माहितीपत्रकात लेसर डायोडचा उल्लेख आहे की प्रकाश उत्सर्जक डायोडचा, हे पाहावे. बॅटरी हजारो तास पुरते असा दावा असेल, तर ती बहुधा रेड डॉट साइटच असते.

दोन्ही साइट नेमाची रेषा दाखवतात. अंतर, वारा आणि गोळीचा खाली येणारा मार्ग त्या मोजत नाहीत. नेमबाजाचा श्वास, पकड आणि ट्रिगरवरील बोटाचा संयम यांची जागाही त्या घेऊ शकत नाहीत.

## भारतातील वापर आणि क्रीडा-नेमबाजी

भारतीय लष्कराच्या विशेष दलांकडील इस्रायली बनावटीच्या टॅव्होर रायफलींबरोबर रिफ्लेक्स साइट वापरल्या जातात. संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची डेहराडून येथील प्रयोगशाळा लष्करी प्रकाशीय उपकरणांवर काम करते, तर पुण्यातील शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास आस्थापना इन्सास रायफलसारखी शस्त्रे विकसित करण्यासाठी ओळखली जाते. भारतात खाजगी व्यक्तीला बंदूक बाळगण्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना आवश्यक आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे शिकारीवर बंदी असल्याने, युरोपात या साइटचा जो मूळ वापर होता तो येथे उरलेला नाही.

ऑलिंपिक आणि आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल व पिस्तूल स्पर्धांत रेड डॉट किंवा होलोग्राफिक साइट वापरण्यास परवानगी नाही. पिस्तुलासाठी उघडी माशी आणि खाच, तर रायफलसाठी छिद्राची साइट वापरावी लागते. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात मिळवलेले सुवर्णपदक आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात मिळवलेले कांस्यपदक याच नियमांखाली मिळालेले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील या दोन्ही नेमबाजांच्या यशामागे प्रकाशमान ठिपका नव्हता. याउलट, वेगवान नेमबाजीच्या प्रॅक्टिकल शूटिंग स्पर्धांत प्रकाशीय साइटसाठी स्वतंत्र गट असतात आणि तेथे रेड डॉट साइट मोठ्या प्रमाणावर वापरल्या जातात.